‘कधीही या’ म्हणण्यासाठी

नव्या घरात सामान लागलं की आपण मित्रांना लोकेशन पाठवतो आणि लिहितो, ‘कधीही या.’ त्या ‘कधीही’मध्ये एक गोष्ट गृहीत असते: आपला दिवस आपल्या मालकीचा आहे.

डहाणू-तलासरीच्या वारल्यांना हे गृहीत धरता येत नव्हतं. कारवीच्या कुडाचं, शेणामातीनं लिंपलेलं घर ते स्वतः उभारत. पण लग्नासाठी जमीनदाराकडून कर्ज काढलं की नवरा त्याचा ‘लग्नगडी’ व्हायचा. बायकोलाही तिथेच राबावं लागे. म्हणजे संसार सुरू होतानाच गहाण पडायचा. शिवाय वेठ होतीच. मालकाचं बोलावणं आलं की फुकट कामाला जायचं, मग घरी पाहुणा आलेला का असेना.

२३ मे १९४५ रोजी झरी गावात सुमारे ५,००० वारली जमले. किसान सभेच्या गोदावरी आणि शामराव परुळेकरांनी ही परिषद घडवली होती. तिथं ठरलं, वेठ करायची नाही आणि रोजचे १२ आणे मिळाल्याशिवाय राबायचं नाही. पुढं लग्नगडीही सुटत गेले. पण त्याची किंमत मोजावी लागली. १० ऑक्टोबरला तलवाड्यात पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण मारले गेले.

पुण्यात जन्मलेल्या गोदावरीबाई या काळात पाड्यांवर, कुडाच्या घरांत राहिल्या, तिथलंच जेवल्या. ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे त्यांचं पुस्तक त्यातूनच आलं. ज्यांचा दिवसही स्वतःचा नव्हता, त्यांनी परक्या बाईला घरात घेतलं होतं. पाहुणचार त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. हवी होती फक्त सवड, आणि ती त्यांनी लढून मिळवली.