जपानी साहित्यकृतींची सचेतनपट-रूपांतरे
मेजी पुनःस्थापनेनंतरच्या (१८६८) आधुनिक जपानी कथा-कादंबऱ्यांवर आधारलेले सचेतनपट, म्हणजे रेखाचित्रांच्या मालिकेतून हालचालींचा आभास निर्माण करणारे चित्रपट, तसेच त्याच तंत्राने केलेल्या दूरचित्रवाणी-मालिका. जपानमध्ये हे माध्यम (आनिमे) केवळ बालरंजनापुरते मर्यादित राहिले नाही. त्यामुळे प्रौढांसाठी लिहिलेल्या गंभीर कृतीही त्यात अवतरल्या. आधुनिक जपानी गद्यात आत्मकथनाला मोठे स्थान आहे. निवेदकाच्या मनातील व्यथा रेखांकित दृश्यांतून कशी व्यक्त करावी, हा या रूपांतरांपुढील मुख्य प्रश्न होय.

आकुतागावा ऱ्यूनोसुके (१८९२–१९२७) याच्या कुमो नो इतो (१९१८) या कथेवर ओफुजी नोबुरो याने १९४६ मध्ये छायाकृतींचा लघुपट केला. मियाझावा केंजी (१८९६–१९३३) याच्या कथा या माध्यमास विशेष अनुकूल ठरल्या. ताकाहाता इसाओ (१९३५–२०१८) याने त्याच्या एका कथेवर सेरो हिकी नो गोशू (१९८२) हा चित्रपट काढला. मियाझावाच्या मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या गिंगा तेत्सुदो नो योरू (१९३४) या कथेवरील चित्रपटात (१९८५) सुगी गिसाबुरो याने बहुतेक पात्रे मांजरांच्या रूपात दाखविली. त्यांच्या संयत मुद्रांमुळे मृत्यूविषयीच्या या कथेतील गूढता टिकून राहिली.

या परंपरेतील सर्वांत प्रभावी कृती म्हणजे नोसाका आकियुकी (१९३०–२०१५) याच्या होतारू नो हाका (१९६७) या कथेवरील ताकाहाताचा त्याच नावाचा चित्रपट (१९८८). १९४५ मधील कोबे शहरावरील हवाई हल्ल्यानंतर निराधार झालेला सेइता आणि त्याची चार वर्षांची बहीण सेत्सुको यांची उपासमार व मृत्यू हा तिचा विषय. नोसाकाची धाकटी बहीण युद्धकाळात कुपोषणाने दगावली होती. सेइता बहिणीला जपतो, तसे आपण आपल्या बहिणीला जपले नाही, ही टोचणी त्याने पुढे बोलून दाखविली. कथेतील बंधुप्रेम हे अशा रीतीने लेखकाच्या अपराधभावनेचे प्रायश्चित्तच ठरते. मूळ कथा लांबलचक, अखंड वाक्यांत वाहत जाते. ताकाहाताने त्याऐवजी मृत सेइताचा आत्मा साक्षीदार म्हणून योजला व तो आपलाच भूतकाळ पुनःपुन्हा पाहत आहे, असे दाखविले. शेवटच्या दृश्यात दोघा भावंडांचे आत्मे आधुनिक कोबेचे दिवे न्याहाळतात. त्यामुळे युद्धोत्तर समृद्धीलाच प्रश्न विचारला जातो. हा चित्रपट सामान्यतः युद्धविरोधी मानला जातो. तथापि ताकाहाताला हे वर्णन मान्य नव्हते. समाजापासून तुटून स्वतःपुरते जग उभारू पाहणाऱ्या मुलाची शोकांतिका त्याला अभिप्रेत होती.

आओई बुंगाकू (२००९) या बारा भागांच्या दूरचित्रवाणी-मालिकेत दाझाइ ओसामू, साकागुची आंगो, नात्सुमे सोसेकी व आकुतागावा यांच्या एकूण सहा कृतींची रूपांतरे आहेत. सोसेकीची कोकोरो (१९१४) ही कादंबरी तीत दोन भागांत येते. मूळ कादंबरीत सेन्सेईचे मित्रद्रोहाचे दुःख त्याच्या पत्रातून कळते व त्याचा मित्र के हा अबोलच राहतो. मालिकेतील दुसरा भाग मात्र त्याच घटना के याच्या दृष्टीतून मांडतो. सोसेकीने हेतुतः राखलेले मौन येथे भंग पावते. परंतु सेन्सेईचा कबुलीजबाब कितपत विश्वसनीय आहे, हा कादंबरीत दडलेला प्रश्न त्यामुळे ठळक होतो. मूळ कृतीशी शब्दशः एकनिष्ठ राहण्यापेक्षा तिच्या अंतरंगाचा अर्थ लावण्यातच अशा रूपांतरांचे वाङ्‌मयीन महत्त्व सामावलेले आहे.