एका महिन्याने हुकलेलं फुटबॉल

जालन्यात शनिवारी रात्री इंग्लिश प्रीमियर लीग बघत जागणारी पोरं आता पुष्कळ आहेत. आर्सेनल की युनायटेड यावरून ती हिरिरीने भांडतात. वेम्बलीवर १९५३च्या नोव्हेंबरात हंगेरीने इंग्लंडला ६-३ असं धुतलं, हेही त्यांना यूट्यूबच्या कृपेने ठाऊक असतं. पण त्यानंतर तीनच वर्षांनी ऑलिम्पिकच्या स्पर्धेत ब्रिटन जिथे अडलं त्याच्या एक पायरी पुढे भारत गेला होता, आणि तो संघ घडवणारा माणूस जालना ज्या राज्यात होतं त्याच राज्याच्या राजधानीतला होता, हे सांगितलं की मला वेड्यात काढतात.

सय्यद अब्दुल रहीम हे त्यांचं नाव. पेशाने शिक्षक, म्हणून सगळ्यांचे 'रहीमसाब'. १९४३पासून ते हैदराबाद फुटबॉल असोसिएशनचे सचिव होते. त्यांच्या हाताखालच्या हैदराबाद सिटी पोलीस संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षं मुंबईत येऊन रोव्हर्स कप नेला. हा कप मुळात गोऱ्या पलटणींचा. १८९१ साली तो पहिल्यांदा जिंकला वूस्टरशायर रेजिमेंटने. आसईच्या लढाईनंतरच्या काळात आमच्या जालन्यातही इंग्रजांची छावणी होती, पण तिच्या नावावर असला कुठला कप नाही. आमच्याकडे छावणीच्या आठवणी तोफांच्याच निघतात.

रहीमसाबांच्या आधी एक गोष्ट सांगायलाच हवी. ३१ जुलै १९४८, लंडनजवळचं इल्फर्ड. स्वतंत्र भारताचा फुटबॉल संघ पहिलाच ऑलिम्पिक सामना खेळत होता, समोर फ्रान्स. आपले बहुतेक खेळाडू अनवाणी. रामनने गोल केला, पण दोन पेनल्टी वाया गेल्या आणि शेवटच्या मिनिटांत फ्रान्सने २-१ असा सामना काढला. राजाने म्हणे नंतर शैलेन मन्नाला पँट वर करायला लावली, पाय लोखंडाचे आहेत का ते बघायला. ही दंतकथाच असावी, पण सांगणारे फार रंगून सांगतात. मला मात्र त्या तारखेचं वाटतं. त्या दिवशी जालना भारतात नव्हतं. मराठवाड्यातली माणसं रझाकारांच्या धास्तीत होती आणि हैदराबादवरची पोलीस कारवाई अजून सहा आठवडे लांब होती. इल्फर्डला हरला तो आपला संघ, असं म्हणायला आम्ही तेव्हा कायद्याने मोकळेच नव्हतो.

१९५२ला हेलसिंकीत युगोस्लाव्हियाने अनवाणी भारताला १०-१ असं हरवलं आणि मग बूट सक्तीचे झाले. वेम्बलीवर इंग्रजांची भंबेरी उडाली ती हंगेरीने मधला फॉरवर्ड मागे खेचल्यामुळे. त्याला धरायला गेलं की बचावात भगदाड पडायचं. रहीमसाब अशा गोष्टींवर नजर ठेवून असत. पोरांना आधी चेंडू पटकन पास करायला शिकवा, मग ताकदीचं बघू, असा त्यांचा खाक्या. धिप्पाड गोऱ्यांसमोर तोच शहाणपणाचा होता, असं माझं मत.

मेलबर्नला हंगेरीचा संघ आलाच नाही, त्यामुळे भारताला पहिल्या फेरीत चाल मिळाली. ३० नोव्हेंबर १९५६ रोजी बल्गेरियाने ब्रिटनच्या हौशी संघाला ६-१ असं उपांत्यपूर्व फेरीत घरी पाठवलं. दुसऱ्या दिवशी, १ डिसेंबरला, त्याच फेरीत भारताने यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ असं हरवलं. त्यात तीन गोल नेव्हिल डिसोझाचे. ऑलिम्पिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारा तो पहिला आशियाई. खेळायचा मुंबईकडून, मूळ गोव्यातल्या आसगावचा, आणि गोवा तेव्हा पोर्तुगिजांकडे! उपांत्य सामन्यात युगोस्लाव्हियाविरुद्ध पहिला गोलही त्याचाच, पण शेवटी ४-१ अशी हार झाली. मग बल्गेरियाने ब्राँझही नेलं.

त्या संघात अझीझुद्दीन, नूर मोहम्मद, बलराम असे हैदराबादचे बरेच गडी होते. आणि बरोबर एक महिना आधी, १ नोव्हेंबर १९५६ला, हैदराबाद राज्य मोडलं होतं. औरंगाबाद जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव असलेलं जालना द्विभाषिक मुंबई राज्यात आलं. म्हणजे ऑक्टोबरपर्यंत जी आपल्या राज्याची पोरं होती, ती डिसेंबरात आंध्रवाल्यांची झाली. राज्य मोडायला हवंच होतं, त्याबद्दल माझ्या मनात किंतु नाही. मराठी माणसाने त्यासाठी मार खाल्ला, तुरुंग भोगला. पण निजामासोबत आम्ही रहीमसाबांनाही हद्दीपलीकडे टाकून दिलं. मराठवाड्याच्या इतिहासावर भाषणं होतात तेव्हा रझाकार येतात, स्वामी रामानंद तीर्थ येतात, यायलाच हवेत. रोव्हर्स कप मात्र मी एकाही भाषणात ऐकलेला नाही. मुंबईकरांच्या लेखी तो हैदराबादचा, हैदराबादकरांच्या लेखी आम्ही महाराष्ट्रातले.

१९६२ साली जकार्त्यात रहीमसाबांच्या संघाने दक्षिण कोरियाला २-१ असं हरवून आशियाई सुवर्ण घेतलं. तेव्हा कॅन्सरने त्यांना गाठलं होतं. पुढच्या वर्षी जूनमध्ये ते गेले. 'मैदान' सिनेमा आला २०२४मध्ये, अजय देवगणचा. तो बघून आलेल्या एका भाच्याने मला विचारलं, "मामा, हैदराबाद म्हणजे तेलंगणातलं ना?"

"आता तेलंगणातलं," मी म्हणालो.