तळटीप : ‘दोन डोळे, एक दृश्य’

दोन्ही डोळ्यांना एकच चित्र दिसते, असे मूळ लेखकाने इथे गृहीत धरले आहे; ते खरे नाही. बोट नाकासमोर वीतभर अंतरावर धरून एकेक डोळा आळीपाळीने मिटला, की तेच बोट मागच्या भिंतीवर इकडून तिकडे उडी मारते. दोन बाहुल्यांमध्ये सुमारे सहा सेंटिमीटर अंतर असते, म्हणून हा फरक पडतो. खोली कळते ती त्यातूनच, हे चार्ल्स व्हीटस्टन यांनी १८३८ मध्ये दाखवले. किंचित वेगळी दोन सपाट रेखाचित्रे त्यांनी आरशांतून एकेका डोळ्याला दाखवली, आणि पाहणाऱ्यापुढे एकच भरीव आकृती उभी राहिली. यावर आक्षेप आला, की डोळे जवळच्या-लांबच्या बिंदूंवर भराभर फिरतात आणि खोली त्या हालचालीतून उमगते. हाइनरिख डोव्ह यांनी १८४१ मध्ये तीच चित्रे विजेच्या ठिणगीच्या उजेडात पाहिली. तेवढ्या क्षणात डोळा हलूच शकत नाही. तरीही आकृती भरीवच दिसली. हा प्रयोग मला निर्णायक वाटतो. पण म्हणून हालचाल गौण ठरत नाही. प्रत्येक डोळ्याचे सहा स्नायू दोन्ही नजरा एकाच वस्तूवर आणतात, तेव्हाच तो फरक मेंदूला जुळवता येण्याइतका लहान राहतो. एरवी वस्तू दुहेरी दिसते. एका डोळ्यानेही अंतर कळतेच, हे खरे : सावली, आकार, एका वस्तूआड दडलेली दुसरी यांवरून. मात्र एक डोळा मिटून सुईत दोरा ओवताना हे अंदाज किती अपुरे पडतात, ते लगेच कळते.