सावलीचं गणित

7 सप्टेंबर 2025 ला रात्री अकराला माझी पाळी सुटली. मी सूतगिरणीत साच्यावर आहे, तुटलेलं सूत सांधायचं काम. गेटबाहेर आलो आणि वर पाहिलं, तर चंद्र जुन्या तांब्याच्या पैशासारखा काळपट लाल. खग्रास ग्रहण. सोबतचे निम्मे कामगार दुपारपासून चहाला शिवले नव्हते. सायकल हाणत घरी आलो. वहिनीला सातवा महिना. ती दुपारपासून अन्नपाण्याविना कोपऱ्यात बसलेली. विळीला हात लावायचा नाही, सुईला लावायचा नाही, पाय दुमडायचे नाहीत. ओठ वाळलेले. माय दारात राखणीला.

"पाणी दिलं का तिला?"

"गिराण सुटू दे आधी," माय म्हणाली. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर होती. तसबिरीखालीच वहिनी बसली होती.

त्या रात्रीपासून हा लेख डोक्यात आहे. मी दहावीपर्यंत शिकलो, बाकी जे वाचलं ते पाळी सांभाळून वाचलं. पंडितांची भाषा मला येत नाही. पण हा हिशेब आपल्यापैकी कुणीतरी मांडलाच पाहिजे.

माझी आजी मांगवाड्यातली. ग्रहण लागलं की ती टोपलं घेऊन गावात निघायची आणि ओरडायची, "दे दान, सुटे गिराण!" गावाची समजूत अशी, की राहू मांगाच्या जातीचा. चंद्रसूर्यानं मांगाचं देणं थकवलंय, मांग वसुलीला आलाय, त्याला दान घातलं की तो सोडतो. म्हणजे बघा, आम्ही देवांचे सावकार! आणि आमच्या टोपल्यात काय? फाटकं लुगडं, किडके दाणे, शिळी भाकर.

पण लहानपणी मला एक कोडं पडायचं. ग्रहण कधी आहे हे आजीला कळायचं कसं? तर जोशाकडून. जोशाला कसं कळायचं? पंचांगातून. लागण्याची वेळ, सुटण्याची वेळ, सगळं महिनोन्‌महिने आधी छापलेलं. मग राहू काय पंचांग वाचून गिळायला येतो? मी हे विचारलं तेव्हा आजी हसली. म्हणाली, "बाबा, आपल्याला टोपल्याशी काम."

मला टोपल्याशी काम नव्हतं. मी वाचनालयात शंकर बाळकृष्ण दीक्षितांचं 'भारतीय ज्योतिषशास्त्र' काढलं. 1896 सालचं मराठी पुस्तक. निम्मं डोक्यावरून गेलं. पण वाचता वाचता एका नावाशी थांबलो. पार्थपूर. म्हणजे आपलं पाथरी!

पाथरी म्हटलं की लोकांना साईबाबांच्या जन्मस्थळाचं भांडण आठवतं. 2020 च्या जानेवारीत त्यावरून शिर्डी बंद राहिली होती. पण याच पाथरीत पाचशे वर्षांपूर्वी आकाशाचं गणित मांडणारं एक घराणं होतं, हे पाथरीच्या किती पोरांना माहीत आहे? ज्ञानराज नावाच्या ज्योतिष्यानं 1503 च्या सुमारास 'सिद्धान्तसुन्दर' हा ग्रंथ लिहिला. भास्कराचार्यांच्या 1150 च्या 'सिद्धान्तशिरोमणी'नंतरचा हा मोठा सिद्धान्तग्रंथ. 2014 साली अमेरिकेतल्या एका विद्यापीठानं त्याचं इंग्रजी भाषांतर छापलं. ज्ञानराजाचा मुलगा सूर्यदास. त्यानं भास्कराचार्यांच्या बीजगणितावर 1538 मध्ये आणि लीलावतीवर 1541 मध्ये टीका लिहिल्या. शिवाय एक काव्य केलं, सरळ वाचलं तर रामाची कथा, उलटं वाचलं तर कृष्णाची. त्याच भागात गोदेच्या उत्तर काठावर गोलग्राम. तिथल्या दिवाकराचं घराणं पुढं काशीला गेलं आणि त्या घराण्यातल्या कमलाकरानं 1658 मध्ये तिथं सिद्धान्तग्रंथ लिहिला.

मला आधी आनंद झाला, खोटं का बोलू? माझ्या गावच्या मातीत इतकं गणित! मग मी शोधायला लागलो, की या लोकांना ग्रहणाचं काय ठाऊक होतं.

सगळं ठाऊक होतं. आर्यभटानं 499 मध्येच सांगून टाकलं होतं, की चंद्र सूर्याला झाकतो ते सूर्यग्रहण आणि पृथ्वीची सावली चंद्राला झाकते ते चंद्रग्रहण. राहू नाही, केतू नाही, मांग नाही. सावली! पृथ्वीची सावली किती लांब, चंद्राच्या वाटेवर ती किती रुंद, चंद्र तिच्यात किती वेळ राहील, याची गणितं प्रत्येक सिद्धान्तात आहेत. ज्ञानराजाच्या ग्रंथातही चंद्रग्रहणाचा अध्याय आहे, सूर्यग्रहणाचा आहे. जोशाच्या पंचांगात आकडा यायचा तो याच सावलीच्या गणितातून.

मग राहू जिवंत कसा राहिला? इथं खरी मेख आहे. 628 साली ब्रह्मगुप्तानं मोठा ग्रंथ लिहिला. गणित सावलीचंच केलं, पण राहू नाकारला म्हणून आर्यभटालाच दोष दिला. का, तर वेद-स्मृती राहू सांगतात. 1030 च्या सुमारास अल्बेरुनीनं हे वाचलं आणि तो चकित झाला. इतका हुशार माणूस असं का लिहितो? त्यानं अंदाज केला, की सॉक्रेटिसाची जी गत झाली तिची भीती असावी. भास्कराचार्यांनीही सावली सांगितली आणि राहूला त्या सावलीत शिरायला वाट ठेवली. आणि आमच्या पाथरीचा ज्ञानराज? पुराणं एक सांगतात, गणित दुसरं सांगतं, हा झगडा त्याला स्वच्छ दिसत होता. पृथ्वी अधांतरी आहे, तिला आधार लागत नाही, असं भास्कराचार्य म्हणाले होते. ज्ञानराजानं पुराणातल्या आधारांची बाजू घेतली. दोन्ही खरं ठरावं म्हणून बुद्धी झिजवली.

मित्रहो, हा तह होता. घरात गणित आणि वेशीवर राहू. गणितानं पंचांग विकायचं आणि राहूनं गाव भ्यायचं. या तहाची किंमत आजीच्या टोपल्यानं दिली. खरं ज्याला ठाऊक होतं त्यानं ते घरात ठेवलं, आणि खोट्याचं तोंड म्हणून आम्हाला गल्लीत उभं केलं.

आता दुसरी सावली घ्या. जुन्या ज्योतिष्यांचं साधं हत्यार म्हणजे शंकू. बारा अंगुळांची उभी काडी. विषुवदिनी, म्हणजे दिवस-रात्र समान असतात त्या दिवशी, मध्यान्हीला तिची सावली मोजायची. तिला पलभा म्हणतात. पलभेवरून गाव विषुववृत्तापासून किती उत्तरेला आहे ते निघतं. मी गिरणीतली मोडकी बॉबिन आणली, तिच्यावर बारा सारखे भाग आखले आणि मार्चमध्ये त्या दिवशी अंगणात उभी केली. घड्याळात साडेबाराच्या सुमारास सावली सगळ्यांत आखूड झाली. चार भाग आणि वर थोडी. पाथरीचं गणित तेवढंच निघतं! मला जो आनंद झाला तो सांगता येत नाही. माझ्या बापजाद्यांना हे कुणी शिकवलं नाही, पण ऊन माझ्याशी खोटं बोललं नाही.

लगेच दुसरी गोष्ट आठवली. पेशवाईत पुण्यात सकाळी नऊच्या आधी आणि दुपारी तीनच्या नंतर महारमांगांना वेशीच्या आत मज्जाव होता, असं नोंदलेलं आहे. कारण त्या वेळी माणसाची सावली लांब पडते आणि ती ब्राह्मणाच्या अंगावर जाईल. मी त्याचंही गणित करून पाहिलं. पुण्याला विषुवदिनी सूर्याच्या नऊला आणि तीनला बारा अंगुळांची सावली सव्वातेरा अंगुळं होते. म्हणजे सावली माणसाहून लांब झाली की माणूस वेशीबाहेर! ज्या सावलीनं गावाचा अक्षांश काढायचा, त्याच सावलीनं माणसाची हद्द काढली.

आज काही जण म्हणतात, आपल्या प्राचीन ज्ञानाकडं परत चला. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर 'भारतीय ज्ञान प्रणाली' हा विषय कॉलेजात आला. आपल्यातले काही म्हणतात, जाळून टाका सगळं. मला दोन्ही पटत नाही. पलभा जाळायची कशाला? ती माझ्या अंगणातही खरी निघाली. ती कुणाच्या बापाची नाही. पण शिकवायची तर पूर्ण शिकवा. ज्ञानराजाचं गणित शिकवा, त्याचा तह शिकवा आणि आजीचं टोपलंही शिकवा. कातडं कमावणाऱ्या ढोराचा हिरडा आणि बाभळीची साल शिकवा. बाळंतपण करणाऱ्या मांगिणीचे हात शिकवा. शिवेच्या तंट्यात ज्याच्या साक्षीला वजन होतं त्या महाराची आठवण शिकवा. तेही ज्ञानच होतं, फक्त त्याला कुणी शास्त्र म्हटलं नाही.

आणि प्राचीन म्हणजे फक्त राहूशी तह करणारे नव्हेत. या देशात दुसरी परंपराही होती. सातव्या शतकातला बौद्ध तार्किक धर्मकीर्ती प्रमाणं दोनच मानतो, प्रत्यक्ष आणि अनुमान. पोथीत लिहिलंय एवढ्यावर तो काही मानत नाही. जड बुद्धीच्या पाच खुणा त्यानं मोजल्या, त्यांत वेद प्रमाण मानणं आहे, आंघोळीनं पुण्य मिळतं ही समजूत आहे आणि जातीचा गर्वही आहे. आपल्या देशातून हरवलेल्या त्याच्या ग्रंथाची संस्कृत हस्तलिखितं राहुल सांकृत्यायनांना 1930 च्या दशकात तिबेटात सापडली. हे आपलं नाही का?

बाबासाहेबांनी 1948 मध्ये 'अस्पृश्य कोण होते?' या विषयावरच्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत विचारलं, की सगळी विद्या ज्यांच्या हातात त्यांच्यातून एक व्हॉल्टेअर का निघाला नाही? पाथरीचं घराणं वाचलं की त्या प्रश्नाचा अर्थ कळतो. अक्कल कमी नव्हती. तह मोडला असता तर घर चाललं नसतं. उलट 1855 मध्ये फुल्यांच्या शाळेतली चौदा वर्षांची मुक्ता, मांगाची पोर, आपल्या निबंधात सरळ विचारते की वेद जर ब्राह्मणांचे, तर आमचा धर्म कोणता? तिच्यापाशी गमवायला पंचांग नव्हतं. म्हणून तिला विचारता आलं.

आपल्या मराठवाड्यात बाबासाहेबांनी 1950 मध्ये कॉलेज काढलं. पुढं त्याला नाव दिलं मिलिंद. नागसेनाला प्रश्न विचारणारा तो राजा. उत्तरं देणाऱ्याचं नाही, विचारणाऱ्याचं नाव! याचा विचार करा.

आणि आता आपल्याच घरात बघा. आपण मोर्चात घोषणा देतो आणि घरी ग्रहण पाळतो, तेव्हा ज्ञानराजानं केला तोच तह आपण करतो. फरक एवढाच, की त्यात त्याचं घर चाललं, आपली माणसं तहानेनं बसली.

त्या रात्री मी तांब्या भरला आणि वहिनीच्या हातात दिला. ती मायकडं बघायला लागली. मी मायला दारात नेलं, चंद्र दाखवला. म्हणालो, "माय, ही सावली आहे. आपण उभे आहोत त्या जमिनीची. तिच्यात तूपण आहेस, मीपण आहे, जोशीपण आहे."

माय बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "तुह्या आजीचं पोट याच गिराणावर भरलं रे."

"भरलं नाही माय," मी म्हणालो, "तिला भरू दिलं नाही."

ती काही बोलली नाही. आत वहिनी पाणी पीत होती. घोट घशाखाली उतरल्याचा आवाज दारापर्यंत आला. बारा वाजून बावीस मिनिटांनी चंद्राची कड उजळायला लागली. तेव्हा गल्लीत कुणी दान मागत नव्हतं.

जयभीम.