वंशावळ, गुणपत्रक आणि सनद

इंग्रजी पायदळात आणि घोडदळात अधिकाराची सनद एकेकाळी रोख रकमेने विकत मिळत असे, आणि हा व्यवहार सरकारने ठरवून दिलेल्या दराने, राजरोस, पिढ्यान्‌पिढ्या चालत असे. १८७१ साली कार्डवेल या युद्धमंत्र्याच्या कारकिर्दीत ही खरेदी-विक्री बंद पडली आणि सेनाधिकाराच्या उमेदवाराला परीक्षेची वाट खुली झाली. परंतु ती वाट हिंदुस्थानच्या भूमीवर पोहोचण्यास पुढे साठ वर्षे लागली, आणि त्या साठ वर्षांची हकिकत आपण विसरता कामा नये असे मला मनापासून वाटते.

हिंदी शिपायाने कितीही पराक्रम गाजवला, तरी त्याची मजल सुभेदार-मेजरच्या हुद्द्यापर्यंतच; त्याच्या डोक्यावर नुकताच मिसरूड फुटलेला गोरा लेफ्टनंट असणारच, असा दंडक होता. त्यात १८५७ नंतर राज्यकर्त्यांनी अमुक जाती लढवय्या आणि तमुक जाती लढाईस अपात्र, अशी मुलूखनिहाय वर्गवारी रूढ केली. कंपनी सरकारच्या मुंबई फौजेत ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या निष्ठेने तलवार धरली, त्या महार समाजाला एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात भरतीचे दार बंद झाले, ते याच वर्गवारीमुळे. साध्या शिपायाची ही कथा, तेथे अधिकाऱ्याची काय असणार!

पहिल्या महायुद्धात हिंदी फौजेने फ्रान्सच्या चिखलात आणि मेसोपोटेमियाच्या वाळवंटात जे रक्त सांडले, त्याची परतफेड म्हणून १९१८ साली सँडहर्स्टच्या सैनिकी विद्यालयात हिंदी तरुणांसाठी वर्षाला दहा जागा राखण्यात आल्या. त्या दहा जागांपर्यंत जाणारा रस्ता जिल्ह्याच्या कचेरीतून सुरू होई. उमेदवाराचे घराणे कोणते, वडिलांची जमीन किती, त्यांनी सरकारची सेवा कशी केली, यांचा दाखला अर्जासोबत वरवर चढत जाई. मुलाच्या अंगची बुद्धी व धैर्य यांचा विचार व्हायचा तो त्यानंतर. या वाटेने गेलेली माणसे कर्तबगार नव्हती असे मुळीच नाही. आपल्या मुलखातले शंकरराव थोरात १९२६ साली सँडहर्स्टमधून बाहेर पडले आणि पुढे लेफ्टनंट जनरल झाले. इंदूरच्या डेली कॉलेजातल्या अल्पायुषी छात्रवर्गातून १९१९ साली सनद मिळवणारे करिअप्पा स्वतंत्र भारताचे पहिले हिंदी सरसेनापती झाले. प्रश्न त्यांच्या योग्यतेचा नाही. ज्यांच्या घरी दाखला नव्हता आणि म्हणून ज्यांचा अर्ज कचेरीची पायरीसुद्धा चढला नाही, त्या अनामिकांचा आहे.

१९२२ साली डेहराडूनला सैनिकी विद्यालय निघाले, ते सँडहर्स्टसाठी मुले घडवण्याकरिता. पुढे स्कीन समितीने जागा दुप्पट कराव्यात आणि १९३३ पर्यंत हिंदुस्थानातच सँडहर्स्टच्या तोडीचे विद्यालय उभारावे अशी शिफारस केली. सरकारने पहिली गोष्ट मानली, दुसरी लांबणीवर टाकली. गोलमेज परिषदेनंतर मात्र चेटवुड समिती बसली. तिचे एक सभासद नागपूरचे डॉ. बाळकृष्ण शिवराम मुंजे होते. त्यांनीच पुढे १९३७ साली नाशिकला भोसला सैनिकी विद्यालय काढले. मुंजे यांच्या राजकारणाविषयी मतभेद असणारच, पण सैन्याधिकार ही काही मोजक्या जातींची मिरास नव्हे, हा त्यांचा आग्रह रास्त होता.

१९३२ च्या ऑक्टोबरात डेहराडूनची इंडियन मिलिटरी अकॅडमी ४० छात्रांनिशी सुरू झाली, तेव्हा १५ जागा फौजेतल्या शिपायांतून, १० संस्थानी फौजांतून आणि उरलेल्या १५ खुल्या स्पर्धापरीक्षेने भरण्याचे ठरले. ह्या १५ जागा म्हणजे या साऱ्या इतिहासाचा कणा होय. अमृतसरच्या एका पारशी डॉक्टरांचा मुलगा, वडिलांनी विलायतेत वैद्यक शिकण्यास धाडले नाही म्हणून रुसून परीक्षेला बसला आणि गुणानुक्रमे सहावा आला. लढवय्या जातींच्या कोणत्याही यादीत पारशांचे नाव नव्हते. शिफारशीच्या जुन्या रस्त्याने सॅम माणेकशा कोठवर पोहोचले असते हे सांगणे कठीण आहे. गुणपत्रक निर्जीव असते, त्यातून माणूस दिसत नाही, ही तक्रार मी पुष्कळदा ऐकली आहे आणि ती खोटीही नाही. पण त्याच निर्जीवपणामुळे त्याला वंशावळही दिसत नाही, हे तक्रार करणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे.

दुसऱ्या महायुद्धात अधिकाऱ्यांची मागणी अतोनात वाढली आणि अर्ध्या तासाच्या मुलाखतीवर माणूस पारखण्याची जुनी रीत उघडी पडली. १९४२ साली ब्रिटनमध्ये मनोवैज्ञानिकांच्या साहाय्याने नवी निवड मंडळे आली, आणि १९४३ साली डेहराडूनला तसेच प्रायोगिक मंडळ बसले. तेथून जी पद्धती वाढली ती आजही बव्हंशी कायम आहे. पडद्यावर एक शब्द उमटतो, पंधरा सेकंदांत मनात येईल ते वाक्य लिहायचे, की पुढचा शब्द येतो. असे साठ शब्द. दुसरीकडे मैदानात आठ-दहा तरुणांसमोर फळी, दोर आणि ओंडका ठेवतात. लाल रंगाच्या भागाला स्पर्श न करता ओझ्यासह सर्वांनी पलीकडे जायचे. नायक कोणी नेमलेला नसतो, आणि परीक्षक अधिकारी बाजूला उभा राहून कोण पुढे सरतो, कोण दुसऱ्याची कल्पना ऐकून घेतो, कोण मागे पडलेल्याला हात देतो, एवढेच टिपत असतो. मनोवैज्ञानिक, मैदानावरचा अधिकारी आणि मुलाखतकार हे तिघे परस्परांचे मत न पाहता आपापला निर्णय करतात. मनसा, वाचा, कर्मणा ही आपली जुनी त्रयी या मंडळांच्या परिभाषेत सहज मिसळून गेली आहे. मैदानात उमेदवाराला नावाने कोणी हाक मारीत नाही. छातीवरचा चेस्ट नंबर हीच त्याची ओळख. १९१८ साली ज्या आडनावावर सारी भिस्त होती, ते येथे कापडी पट्टीवरच्या आकड्याखाली झाकले जाते! मुलाखतकाराच्या हाती वडिलांचा व्यवसाय नोंदलेला अर्ज असतो, हेही खरे. म्हणून तो एकटा निर्णायक नाही, याचे महत्त्व अधिक.

६ ऑक्टोबर १९४९ रोजी पंडित नेहरूंनी खडकवासल्याला राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची कोनशिला बसवली आणि १९५५ च्या जानेवारीत प्रबोधिनीचे उद्घाटन झाले. तिच्या प्रवेशासाठी आज लेखी परीक्षेला ९०० गुण आहेत, गणिताचे ३०० आणि सामान्य क्षमतेचे ६००, आणि निवड मंडळालाही बरोबर ९००. कागद आणि मैदान यांना समसमान तोलणारी ही वाटणी मला न्याय्य वाटते. आंधळ्या गुणांनी दार उघडावे आणि डोळस माणसांनी आत कोणाला घ्यायचे ते पाहावे, याहून सुज्ञ क्रम मला तरी सुचत नाही.

तरीही ते दार अनेक दशके केवळ अविवाहित तरुणांपुरतेच उघडे होते. १८ ऑगस्ट २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम आदेश दिला, त्याच वर्षी १४ नोव्हेंबरला मुलींनी प्रथमच ही परीक्षा दिली, आणि ३० मे २०२५ रोजी खडकवासल्याच्या दीक्षांत संचलनात त्यांच्यातल्या १७ जणी छात्र म्हणून उत्तीर्ण होऊन बाहेर पडल्या.