बैलगाडीच्या चाकोरीवरून चाकांवरच्या घरापर्यंत : ओरेगॉन ट्रेल

१/ दर उन्हाळ्यात अमेरिकेत अनेक कुटुंबे ‘आरव्ही’ घेऊन पश्चिमेकडे निघतात. आरव्ही म्हणजे चाकांवरचे घर : आत पलंग, शेगडी, फ्रीज, न्हाणीघर. मिझुरीपासून ओरेगॉनपर्यंत ज्या वाटेचा माग ती काढतात, तिच्यावरून १९व्या शतकात बैलगाड्यांचे तांडे गेले. आज सुट्टीत आटोपणारा हा प्रवास तेव्हा चार ते सहा महिने चाले. या दोन्ही प्रवासांना जोडणारा एक माणूस होऊन गेला : एझ्रा मीकर. #थ्रेड

२/ आधी वाट. लांबी सुमारे ३,२०० किलोमीटर. मिझुरीतील इंडिपेन्डन्स गावातून निघायचे, प्लॅट नदीच्या काठाने फोर्ट लॅरमी गाठायचे, रॉकी पर्वत ओलांडायचा आणि ओरेगॉनच्या विलॅमेट खोऱ्यात उतरायचे. या मार्गाची किल्ली म्हणजे ‘साउथ पास’. सुमारे ७,४०० फूट उंचीवरची ही खिंड अरुंद नाही. ती रुंद, हलक्या चढाचे पठारच आहे. म्हणूनच गाड्या पर्वतापार जाऊ शकल्या.

३/ लोक निघाले कशासाठी? १८३७च्या आर्थिक मंदीने अनेक शेतकरी बुडाले होते आणि ओरेगॉनच्या सुपीक जमिनीची कीर्ती पसरत होती. १८४३ साली सुमारे हजार जणांचा पहिला मोठा तांडा निघाला. १८५०च्या कायद्याने गोऱ्या वसाहतकऱ्यांपैकी एकट्या पुरुषाला ३२० एकर आणि दांपत्याला ६४० एकर जमीन देऊ केली. मूळ रहिवाशांशी जमिनीचे करार पूर्ण होण्याआधीच हे वाटप सुरू झाले.

४/ गाडीचा हौदा साधारण दहा फूट लांब, चार फूट रुंद. तो पीठ, खारवलेले मांस, बियाणे आणि अवजारे यांनीच भरून जाई. गाडीला स्प्रिंग नसत, त्यामुळे बहुतेक माणसे शेजारून चालत. दिवसाकाठी २०-२५ किलोमीटर मजल होई. मैदानात झाडेच नव्हती, म्हणून बायसनचे वाळलेले शेण गोळा करून त्यावर स्वयंपाक होई. मराठी मुलखातील गोवऱ्यांची आठवण व्हावी, अशीच ही रीत.

५/ चित्रपट हल्ल्यांच्या दृश्यांनी भरलेले असतात. प्रत्यक्षात सर्वाधिक बळी घेतले ते रोगाने, त्यातही कॉलराने. हजारो माणसे आणि जनावरे एकाच नदीकाठी मुक्काम करीत आणि तेच पाणी पीत. शिवाय नदीत बुडणे आणि चाकाखाली सापडणे हेही नित्याचे होते. कित्येकांना वाटेतच पुरून वरून गाड्या नेत. जमीन दबावी आणि लांडग्यांना प्रेताचा माग लागू नये, हा हेतू असे.

६/ १८५२ साली याच वाटेने २१ वर्षांचा एझ्रा मीकर, पत्नी एलायझा जेन आणि काही आठवड्यांचे बाळ घेऊन आयोवाहून निघाला. तिघेही सुखरूप पोहोचले. दोन वर्षांनी त्याचे आईवडील निघाले. आई वाटेतच वारली आणि धाकटा भाऊ स्वीटवॉटर नदीत बुडाला. पुढे मीकर आजच्या वॉशिंग्टन राज्यात हॉप्सच्या शेतीवर श्रीमंत झाला आणि पिकावर पडलेल्या किडीने ती श्रीमंती गेलीही.

७/ १८६९ साली आंतरखंडीय रेल्वे पूर्ण झाली आणि ही वाट मागे पडत गेली. चाकोऱ्यांवरून नांगर फिरू लागले. जानेवारी १९०६ मध्ये ७५ वर्षांच्या मीकरने पुन्हा बैल जुंपले आणि तीच वाट उलट्या दिशेने, पूर्वेकडे धरली. गावोगावी भाषणे देऊन, वर्गणी जमवून त्याने स्मारकशिला उभ्या करवल्या. नोव्हेंबर १९०७ मध्ये त्याची गाडी राजधानीत पोहोचली. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट ती पाहायला बाहेर आले.

८/ येथून चाकांवरच्या घराची चाहूल लागते. १९१६ साली, वयाच्या ८५व्या वर्षी, मीकर पाथफाइंडर मोटारीतून निघाला. त्या मोटारीवर बैलगाडीसारखे कापडी छत चढवले होते! या वाटेवरून राष्ट्रीय महामार्ग व्हावा, ही त्याची मागणी होती. १९२४ मध्ये त्याने लष्करी विमानातून पूर्वेकडे प्रवास केला. १९२८ मध्ये हेन्री फोर्डने त्याच्यासाठी छतवाली मोटार बनवून घेतली; परंतु तो आजारी पडला आणि त्याच डिसेंबरात, ९७व्या वर्षी, वारला.

९/ मात्र मीकरची खरी कसोटी वाटेवर लागली नाही, ती न्यायालयात लागली. १८५५-५६च्या युद्धानंतर निस्क्वाली जमातीचा नेता लेशाय याच्यावर एका सैनिकी अधिकाऱ्याच्या खुनाचा खटला भरला गेला. पहिल्या खटल्यात ज्यूरीतील दहा जण दोषी ठरवण्याच्या बाजूचे होते, दोघे ठाम विरोधात. त्या दोघांतला एक मीकर. एकमत न झाल्याने खटला पुन्हा चालला आणि फेब्रुवारी १८५८ मध्ये लेशायला फाशी दिली गेली. १९०५ साली मीकरने त्यावर पुस्तक लिहिले. २००४ मध्ये एका विशेष ऐतिहासिक न्यायसभेने लेशायला निर्दोष ठरवले.

१०/ वाटेची दुसरी बाजू हीच. हा मुलूख निर्जन नव्हता; तो लाकोटा, शायेन, शोशोनी अशा अनेकांचा होता. तांड्यांच्या जनावरांनी गवत संपवले, शिकार दुरावली, रोग पसरले. १८५१च्या फोर्ट लॅरमी करारात वाटसरूंना सुरक्षित वाट देण्याच्या बदल्यात मैदानी जमातींना ५० वर्षे वार्षिक मोबदला कबूल केला होता. सिनेटने ती मुदत परस्पर १० वर्षांवर आणली.

११/ १९७८ साली ओरेगॉन ट्रेलला ‘राष्ट्रीय ऐतिहासिक वाट’ हा दर्जा मिळाला. आरव्हीने जाणारा प्रवासी आज नेब्रास्कात चिमणी रॉकचा सुळका पाहतो आणि वायोमिंगमधील इंडिपेन्डन्स रॉकवर वाटसरूंनी कोरलेली नावे वाचतो. गर्न्सीजवळ वालुकाश्मात चाकांनी कापलेल्या चाकोऱ्या काही ठिकाणी पाच फुटांपर्यंत खोल आहेत.

१२/ त्या दगडावर गाड्या हाकणाऱ्यांच्या खुणा राहिल्या. ज्यांच्या गवतावरून त्या गाड्या गेल्या, त्यांचे नाव तेथे कोरलेले नाही. मीकरने दोन्ही आठवणींसाठी झीज सोसली : वाटेसाठी शिला उभ्या केल्या, लेशायसाठी पुस्तक लिहिले. त्या वाटेवर आज मुक्काम करणाऱ्यालाही हे दोन्ही वारसे एकत्रच स्वीकारावे लागतात. (समाप्त)