तीन पिढ्यांचा निकाल

आनुवंशिकतेच्या शास्त्राचा जन्म एका मठाच्या बागेत झाला. ब्रून, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकातील बर्नो, या नगरीतील संत थॉमस मठात ऑगस्टिनियन संघाचे धर्मगुरू ग्रेगोर मेंडेल यांनी १८५६ ते १८६३ या काळात वाटाण्याच्या सुमारे अठ्ठावीस हजार रोपांचा अभ्यास केला. दाणा गोल की सुरकुतलेला, पिवळा की हिरवा, रोप उंच की बुटके अशा सात गुणांची त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या नोंद ठेवली. १८६५ साली त्यांनी आपले निष्कर्ष स्थानिक विज्ञान मंडळापुढे वाचले आणि पुढील वर्षी ते छापून आले. जगाने त्यांची फारशी दखल घेतली नाही. १८८४ साली मेंडेल निवर्तले, ते मठाधिपती म्हणून. शास्त्रज्ञ म्हणून त्यांना ओळखणारे थोडेच होते. सन १९०० मध्ये तीन युरोपीय वनस्पतिशास्त्रज्ञांनी त्यांच्या नियमांचा पुन्हा शोध लावला, तेव्हा कुठे या धर्मगुरूचे नाव जगभर झाले.

परंतु वाटाण्याच्या वाफ्यातून निघालेले हे ज्ञान लवकरच अशा माणसांच्या हाती गेले, ज्यांना बाग माणसांची लावायची होती. इंग्लंडमधील फ्रान्सिस गॉल्टन यांनी १८८३ सालीच सुप्रजाजननशास्त्र या नव्या विद्येचे नामकरण केले होते. चांगल्या वंशाची वाढ व्हावी आणि वाईट वंश खुंटावा, असा तिचा आशय. मेंडेलचे नियम हाती येताच या विचाराला विज्ञानाची वस्त्रे मिळाली. दाण्याचा रंग जसा ठरावीक नियमाने उतरतो, तशीच बुद्धी, दारिद्र्य, व्यसन, अनीती हीदेखील रक्तातून उतरतात, असे विद्वान मंडळी छातीठोकपणे सांगू लागली. मेंडेल यांनी असे कधीही म्हटले नव्हते.

यात आणखी एका साधनाची भर पडली. पॅरिसच्या शाळांतील ज्या मुलांना अधिक मदतीची गरज आहे ती ओळखता यावीत, म्हणून आल्फ्रेड बिने यांनी १९०५ साली बुद्धीची एक चाचणी तयार केली. मुलाला हात देण्यासाठी निघालेली ही चाचणी अमेरिकेत पोहोचली आणि माणसाच्या कपाळी कायमचा शिक्का मारण्यासाठी वापरली जाऊ लागली. एकीकडे वंशावळीचे तक्ते, दुसरीकडे 'मानसिक वया'चे आकडे; आणि दोहोंच्या मधोमध उभी होती ती गरीब, निराधार, बहुधा अशिक्षित माणसे.

१९०७ साली अमेरिकेतील इंडियाना राज्याने सक्तीच्या निर्बीजीकरणाचा पहिला कायदा केला. पुढे एकामागून एक राज्ये त्या वाटेने गेली. न्यूयॉर्कजवळच्या कोल्ड स्प्रिंग हार्बर येथील वंशनोंदणी कार्यालयाचे हॅरी लाफलिन यांनी १९२२ साली अशा कायद्याचा एक आदर्श मसुदाच प्रसिद्ध केला. त्याच धर्तीवर व्हर्जिनिया राज्याने १९२४ च्या मार्चमध्ये कायदा संमत केला. हा कायदा न्यायालयात टिकतो की नाही हे पाहण्यासाठी एका माणसाची गरज होती. ते माणूस म्हणजे कॅरी बक ही अठरा वर्षांची मुलगी.

कॅरीची आई एमा हिला १९२० साली लिंचबर्गजवळील शासकीय वसाहतीत 'मतिमंद' म्हणून ठेवले होते. कॅरी लहानपणापासून एका पालक-कुटुंबात वाढत होती. शाळेत तिची प्रगती चांगली होती, तरी घरकामासाठी तिला शाळेतून काढण्यात आले. सतरा वर्षांची असताना तिला दिवस गेले. त्या घरातील एका नातलगाने आपल्यावर बळजबरी केली, असे तिने सांगितले आहे. कुटुंबाने मात्र तिलाच मतिमंद आणि दुराचारी ठरवून आईच्याच वसाहतीत धाडले. १९२४ च्या मार्चअखेर जन्मलेली तिची मुलगी व्हिव्हियन त्याच कुटुंबाकडे राहिली.

नोव्हेंबर १९२४ मध्ये अ‍ॅम्हर्स्ट परगण्याच्या न्यायालयात खटला चालला. कॅरीचा बचाव करण्यासाठी नेमलेले वकील पूर्वी त्याच वसाहतीच्या संचालक मंडळावर होते. ज्यांनी हा कायदा लिहिला आणि जे वसाहतीतर्फे उभे होते, त्या वकिलांचे ते जुने स्नेही. बचावासाठी त्यांनी एकही साक्षीदार आणला नाही. लाफलिन यांनी कॅरीला कधी न पाहताच लेखी साक्ष पाठवली. सात महिन्यांच्या व्हिव्हियनविषयी एका समाजसेविकेने सांगितले की, या बाळात काहीतरी वेगळे वाटते. एवढ्या पुराव्यावर आजी, आई आणि नात अशा तीन पिढ्या सदोष ठरल्या.

खटला वरच्या न्यायालयांत चढत गेला आणि २ मे १९२७ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक अशा मताधिक्याने व्हर्जिनियाचा कायदा वैध ठरवला. निकाल लिहिला तो त्या काळचे नामवंत न्यायमूर्ती ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी. समाजाच्या आरोग्यासाठी देवीची लस सक्तीने टोचता येते, तर त्याच तत्त्वाने ही शस्त्रक्रियाही करता येते, असा त्यांचा युक्तिवाद होता; आणि मंदबुद्धीच्या तीन पिढ्या पुरे झाल्या, अशी त्यांची मल्लिनाथी. विरोधी मत नोंदवणारे एकटे न्यायमूर्ती पिअर्स बटलर हे कॅथलिक होते. त्यांनी आपली कारणे लिहून ठेवली नाहीत, त्यामुळे त्यांच्या मतात श्रद्धेचा वाटा किती होता हे ठामपणे म्हणता येत नाही. १९ ऑक्टोबर १९२७ रोजी कॅरीवर शस्त्रक्रिया झाली. तिची धाकटी बहीण डोरिस हिच्यावरही पुढील वर्षी तीच शस्त्रक्रिया झाली. तिला मात्र आंत्रपुच्छ काढल्याचे सांगण्यात आले. लग्नानंतर मूल व्हावे म्हणून डोरिसने अनेक वर्षे वाट पाहिली. सत्य तिला कळले तेव्हा तिचे आयुष्य उताराला लागले होते.

आणि ती तिसरी पिढी? व्हिव्हियन शाळेत गेली, १९३१ साली तिचे नाव शाळेच्या गुणवंतांच्या यादीत लागले, आणि १९३२ साली आठ वर्षांची असताना ती आजाराने मरण पावली. कायद्याचे इतिहासकार पॉल लोम्बार्डो आणि शास्त्रज्ञ स्टीफन जे गूल्ड यांनी १९८० नंतरच्या दशकात ही कागदपत्रे उजेडात आणली. कॅरी १९८३ साली वारली. उतारवयात तिला भेटलेल्यांना तिच्यात मतिमांद्याची खूण आढळली नाही. या कायद्यांखाली अमेरिकेत साठ हजारांहून अधिक माणसांचे निर्बीजीकरण झाले. व्हर्जिनियाने १९७४ साली कायदा रद्द केला आणि २ मे २००२ रोजी, निकालाच्या पंचाहत्तराव्या वर्षदिनी, राज्याच्या गव्हर्नरांनी जाहीर खेद व्यक्त केला.

या लाटेपुढे ख्रिस्तसभेने कोणती भूमिका घेतली? पोप पायस अकरावे यांनी ३१ डिसेंबर १९३० रोजी 'कास्ती कोन्नुबी' हे ख्रिस्ती विवाहावरील विश्वपत्र प्रसिद्ध केले. ज्याने गुन्हा केलेला नाही त्याच्या शरीराच्या अखंडतेला हात लावण्याचा अधिकार कोणत्याही राज्यसत्तेला नाही. मग कारण सुप्रजाजननाचे असो वा अन्य, असे त्यात निःसंदिग्धपणे म्हटले आहे. सदोष संततीची शक्यता असलेल्यांना विवाह न करण्याचा सल्ला देता येईल, हे त्यात मान्य केले आहे. परंतु विवाह करणे हा त्यांचा गुन्हा ठरवता येणार नाही, असेही बजावले आहे. सल्ला आणि सक्ती यांमधील ही सीमारेषा महत्त्वाची होती. अमेरिकेत लुईझियानासारख्या राज्यात असा कायदा संमत होऊ शकला नाही, त्यामागे कॅथलिकांचा संघटित विरोध हे मोठे कारण होते.

तथापि, आपण आपल्याच पाठीवर थाप मारून घेऊ नये. जर्मनीतील योसेफ मायर या कॅथलिक धर्मगुरूंनी १९२७ साली ग्रंथ लिहून मनोरुग्णांच्या निर्बीजीकरणाला नैतिक पाठिंबा दिला होता. काळाचे वारे मठाच्या भिंतीही ओलांडतात.

त्याच जर्मनीत १४ जुलै १९३३ रोजी नाझी सरकारने वंशरोग-प्रतिबंधक कायदा केला. एक न्यायाधीश आणि दोन डॉक्टर यांची 'वंश-आरोग्य न्यायालये' स्थापन झाली आणि सुमारे चार लाख माणसांवर शस्त्रक्रिया झाल्या. लाफलिन यांना १९३६ साली हायडेलबर्ग विद्यापीठाने सन्मान्य पदवी दिली. सक्तीच्या शस्त्रक्रियेपासून हत्येपर्यंतचे अंतर फार नव्हते. अपंग व मनोरुग्णांना विषारी वायूने मारण्याचे सत्र सुरू झाले. ३ ऑगस्ट १९४१ रोजी म्युन्स्टरच्या संत लाम्बर्ट चर्चमधील प्रवचनात बिशप क्लेमेन्स फॉन गालेन यांनी या हत्यांचा उघड धिक्कार केला: माणूस 'उपयोगी' नाही म्हणून त्याला मारता येत असेल, तर म्हातारपणी आपल्यापैकी कोण सुरक्षित राहील? त्याच महिन्यात हे सत्र अधिकृतपणे थांबवण्यात आले. तोवर सत्तर हजारांहून अधिक बळी गेले होते आणि पुढेही छुपेपणाने हत्या चालूच राहिल्या. युद्धानंतर न्युरेंबर्गच्या खटल्यांत बचाव पक्षाने होम्स यांच्या निकालाकडे बोट दाखवले, ही इतिहासाची मोठी चपराक म्हटली पाहिजे.

हे सारे दूरदेशीचे, असे समजून आपल्याला स्वस्थ बसता येत नाही. फेब्रुवारी १९९४ मध्ये शिरूर येथील शासकीय संस्थेतील काही मतिमंद मुलींची गर्भाशये पुण्याच्या ससून रुग्णालयात काढून टाकण्यात आली. मासिक पाळीच्या वेळी त्यांना स्वच्छता राखता येत नाही, हे कारण देण्यात आले. महाराष्ट्रातील स्त्री-संघटनांनी आवाज उठवल्यावर हा प्रकार थांबला. कारण वंशाचे नव्हते, सोयीचे होते. परंतु जिच्या शरीराचा प्रश्न तिला कोणी विचारले नाही, हे साम्य लपत नाही.

पुढे चंडीगडच्या शासकीय संस्थेतील एका मतिमंद तरुणीवर अत्याचार झाला आणि तिला दिवस गेले. प्रशासनाला गर्भपात हवा होता, तिला मूल हवे होते. २८ ऑगस्ट २००९ रोजी आपल्या सर्वोच्च न्यायालयाने तिच्या संमतीशिवाय गर्भपात करता येणार नाही, असा निर्णय कायम केला आणि सुप्रजाजननाचा सिद्धान्त खोटा ठरल्याचेही नमूद केले. दोन मुलींची कहाणी जवळजवळ एकच. ब्याऐंशी वर्षांनी निकाल मात्र उलट लागला. मे २०१० मध्ये त्याच न्यायालयाने नार्को चाचणी आणि मेंदूच्या लहरींची चाचणी कोणावरही सक्तीने करता येणार नाही, असे ठरवले. माणसाच्या देहाभोवती आखलेली रेषा न्यायालयाने त्याच्या मनाभोवतीही आखली.

२००३ साली मानवी जनुकांचा नकाशा पूर्ण झाल्याचे जाहीर झाले. आता आनुवंशिक रोगाची चाहूल जन्मापूर्वीही लागू शकते. हे ज्ञान ईश्वराची देणगी आहे. त्याने अनेक घरांतील अश्रू पुसले जातील. परंतु आज कोणत्याही न्यायालयाच्या हुकमाची गरज उरलेली नाही. तपासणीचा अहवाल हाती येतो, डॉक्टर सल्ला देतात, नातेवाईक कुजबुजतात, आणि एक घर एकट्याने निकाल देते. ते घर आपल्या शेजारचे असते, आपल्याच धर्मग्रामातले असते. अशा मातापित्यांना उपदेश करण्याआधी त्यांच्या मुलासाठी आपल्या शाळेत, आपल्या सणासमारंभात आणि आपल्या मंडळींत जागा आहे का, हे आपण पाहिले पाहिजे. कॅरी बकला कोणी हे विचारले नव्हते. व्हर्जिनियाच्या न्यायालयात तिच्या बाजूने एक साक्षीदार उभा राहिला असता, तरी इतिहास कदाचित वेगळा झाला असता. असा साक्षीदार होणे आजही आपल्या हाती आहे.